विश्लेषण : लढाईतल्या दाणागोट्याचे मोडी कागद का जपायचे?

जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या पेटाऱ्यातून कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे निघतात. घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते. मग शिक्का असलेला एखादा कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लागतो, दोन-चार कागद जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे जातात आणि बाकीचे रद्दीच्या वजनकाट्यावर. या ‘बाकीच्या’त बहुतेक वेळा असतात त्या याद्या. हरभरा किती मण, तूप किती शेर, शिसे किती, बैल किती. दिसायला किराणा दुकानाच्या वहीसारखे हे कागद लढाया का जिंकल्या आणि का हरल्या, याचा मोठा पुरावा आहेत. हौशी संग्राहकांचे लक्ष अलीकडे या कागदांकडे वळू लागले आहे. हे बरे की वाईट, याचे उत्तर संग्राहक काय करतो यावर अवलंबून आहे.

पुरवठ्याचे कागद म्हणजे नेमके कोणते?

मराठेशाहीचा कारभार कागदावर चालत असे आणि लष्कर त्याला अपवाद नव्हते. किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे. दाणागोटा, दारूगोळा, तेल-तूप, दोर, मीठ या सगळ्याचा साठा त्याच्या जिम्म्याला. (कारखानीस, सबनीस, पोतनीस, कोठावळे, जामदार ही आजची आडनावे याच कारभारातून आलेली.) साठ्याची यादी, रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, वर्षाचा ताळेबंद, कोणाला काय द्यायचे त्याचा जाबता, खजिन्यावर काढलेली वरात, सावकाराची हुंडी, माल पोचल्याचे कबज, धान्याच्या बैलांना वाटेत जकातीसाठी अडवू नये म्हणून दिलेली राहदारीची चिठ्ठी, हे सगळे या वर्गात मोडते.

मोहिमेवरच्या फौजेचे गणित आणखी वेगळे. फौज स्वतःबरोबर महिन्यांची रसद नेत नसे. छावणीबरोबर बाजार चाले आणि शेकडो बैलांचे तांडे घेऊन फिरणारे वंजारी त्या बाजारात धान्य आणत. घोड्यांची वैरण आणायला रोज टोळ्या बाहेर पडत, तिला ‘कही’ म्हणत. घोड्याच्या रोजच्या दाण्याला चंदी आणि माणसाच्या रोजच्या धान्याला शिधा. शिधापत्रिकेतला शिधा तोच. त्यामुळे मोहिमेतल्या पुरवठ्याची माहिती एका वहीत सापडत नाही. ती सरदाराच्या घरच्या पत्रांत, सावकाराच्या खात्यात, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांत विखुरलेली असते.

शिवाजी महाराजांचे पत्र काय सांगते?

या प्रकारचा सर्वात प्रसिद्ध कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला पाठवलेले पत्र. विषय आहे पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य आणि गवत. साठा आताच मनमानी उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, आणि रयतेला वाटेल यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची काळजी आहे. कोणी चुली पेटवतील, कोणी चिलमी ओढतील, जळता दिवा ठेवून झोपतील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जळेल. राज्याचा धनी उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचे आजही नवल वाटते.

भाजीच्या देठालाही हात लावू नये हा बहुतेकांना तोंडपाठ असलेला दाखला मात्र या पत्रातला नाही. तो १६७६ सालच्या, प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रातला. समाजमाध्यमांवर ही दोन्ही पत्रे सर्रास एकत्र केली जातात.

पानिपतचा याच्याशी काय संबंध?

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसात झाली. त्याआधीचे अडीच महिने मात्र पुरवठ्याचे होते. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हापासूनच पैशाची ओढ होती. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. पैसा पाठवा, यमुना उतरायला इटाव्याकडे नावा जमवा, अब्दालीची रसद तोडा. पावसाने यमुनेला पाणी चढले आणि नावांचा बेत तसाच राहिला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामा होता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली ती त्यामुळेच. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकल्यावर धान्याचा साठा मिळाला आणि काही आठवडे निभावले.

ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठी फौज यांच्यामध्ये आला. येथून पुढे दोन्ही छावण्यांचा प्रश्न एकच होता, धान्य कोणाकडे पोचते. पतियाळाच्या आला सिंगाकडून मराठ्यांना काही धान्य येत होते. गोविंदपंत दोआबात अब्दालीची रसद तोडत होते. डिसेंबरमध्ये अफगाण टोळीने अचानक हल्ला करून त्यांना मारले आणि अब्दालीची वाट मोकळी झाली. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरले. शेवटी उपाशी सरदार-शिपाई भाऊंच्या डेऱ्यापुढे जमले, दोन दिवस पोटात दाणा नाही, मरायचे तर लढून मरू, असे म्हणाले. हा प्रसंग काशीराज पंडिताने नोंदवला आहे. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या छावणीत.

हे सगळे आपल्याला कळते ते कोणीतरी कागद जपले म्हणून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ चा पत्रव्यवहार आहे. तोवर पानिपत म्हणजे बखरीतली वर्णने आणि इंग्रजांनी लिहिलेले इतिहास. पत्रे छापली गेल्यावर पहिल्यांदाच तारीखवार हिशेब लावता आला. प्रस्तावनेत राजवाड्यांनी गोविंदपंतांवर कडक ठपका ठेवला. पुढच्या अभ्यासकांनी विचारले की सगळा दोष एका मामलेदाराच्या माथी मारता येतो का. हा वाद अजूनही मिटलेला नाही.

आणि येथेच पुरवठ्याच्या कागदांचे मोल कळते. पत्र सांगते काय मागितले. पावती सांगते काय पोचले. नुसत्या मागणीच्या पत्रांवरून एखाद्याला दोषी ठरवणे म्हणजे फिर्याद वाचून निकाल देण्यासारखे आहे. पाठवणाऱ्याचा हिशेब, हुंडी कोणावर लिहिली, ती वटली की परत आली, बैल कुठल्या नाक्यावर अडले, हे सांगणारे कागद पत्रांइतके टिकत नाहीत. पत्रावर नाव असते, हिशेबावर आकडे. लोक नाव जपतात.

तीस वर्षांनंतरचे उलट चित्र

पानिपतमुळे मराठी फौजांना रसदीचे भानच नव्हते, असा समज झाला आहे. १७९१चे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिस त्या वर्षीच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला. लढाई जिंकली, पण वैरणीअभावी त्याचे बैल मेले आणि सैन्याला धान्य उरले नाही. ओढायला जनावरेच नाहीत म्हणून वेढ्याच्या मोठ्या तोफा त्याला स्वतःच निकामी कराव्या लागल्या. माघारीला निघाल्यावर समोरून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा आल्या. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य होते, कापड होते, इंग्रज अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटावे इतक्या वस्तू होत्या. भावही तसेच चढे लावले गेले, याची तक्रार इंग्रजी वृत्तांतांत आहेच! पण उपाशी पलटणींचे पोट त्या बाजाराने भरले.

याच परशुरामभाऊंच्या फौजेला आदल्या हिवाळ्यात धारवाडच्या वेढ्यात दारूगोळ्याची टंचाई पडली होती आणि वेढा महिनोन्‌महिने रेंगाळला होता. म्हणजे धान्याचा बाजार चोख, दारूखाना कमजोर. पटवर्धन घराण्याचे दफ्तर मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या खंडांतून छापले. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात, पदरचे पैसे घालून. इंग्रजी वृत्तांतांना पडताळून पाहायला आज मराठी बाजू उपलब्ध आहे ती या खटपटीमुळे.

असे कागद इतके दुर्लक्षित का राहिले?

याचे एक कारण इंग्रजी अमदानीत आहे. १८५२ मध्ये इनाम कमिशन बसले आणि इनामे, वतने खरी की खोटी याची तपासणी सुरू झाली. ज्याच्याकडे सनद त्याचे उत्पन्न वाचले. त्यामुळे घराण्यांनी सनदा, वतनपत्रे, निवाडे जिवापाड जपले. (बनावट सनदाही तेव्हाच उदंड निघाल्या. खोट्या मोडी कागदांचा धंदा आजचा नाही.) धान्याच्या यादीने कोणाची जमीन वाचणार नव्हती. ती सनदेच्याच गठ्ठ्यात चुकून राहिली असेल तर राहिली.

दुसरे कारण सरकारी व्याख्येचे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. त्यांच्या व्याख्येनुसार हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षे जुना, ज्ञानविषयक मजकूर असलेला हाताने लिहिलेला ग्रंथ. फर्माने, महसुली नोंदी यांसारखे ऐतिहासिक दस्तऐवज त्यात धरले जात नाहीत. म्हणजे पोथ्यांची नोंद करायला आलेल्या माणसाने त्याच पेटीतल्या रसदीच्या यादीला हात लावला नाही, तर नियमाने तो बरोबरच असतो.

सरकारी दफ्तरखान्यांत जे आहे ते निदान सुरक्षित आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडात बांधलेले हजारो रुमाल आणि त्यांत कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. निवड म्हटली की राजकीय पत्रे पुढे येणार आणि हिशेब मागे राहणार, हे ओघानेच आले. भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, कोल्हापूरचा पुराभिलेख विभाग, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथेही मोडी कागद मोठ्या संख्येने आहेत. खासगी घरांत किती उरले आहेत याची मोजदाद मात्र कोणी केलेली नाही.

कागद हाती आला तर त्यात काय पाहायचे?

मोडी येत नसली तरी काही गोष्टी ओळखता येतात. कागद हातबनावटीचा असतो, उजेडासमोर धरला तर धागे आणि जाळीच्या रेषा दिसतात. लेखन बोरूने, काजळाच्या काळ्या शाईने. वर ‘श्री’ आणि पत्र सरकारी असेल तर शेवटी ‘मोर्तब सुद’चा लहान शिक्का. हिशेबाच्या कागदावर शिक्का बहुधा नसतोच. म्हणून बाजारात त्याला भाव कमी, आणि म्हणूनच त्याची नक्कल करण्याच्या भानगडीतही सहसा कोणी पडत नाही. थोर व्यक्तीचे नाव, ठळक शिक्का आणि एकसारखा चहाच्या रंगाचा कागद असे तिन्ही एकत्र दिसले तर सावध व्हावे.

तारखेचे कोडे सुरुवातीला छळते. ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, पुढे मुसलमानी महिना आणि वर्ष अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. या सुहूर सनात ५९९ मिळवले की १७६० येते. सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या काळासाठी ६०० मिळवायचे. पानिपतचा जानेवारी १७६१ याच ११६१ सालातला.

कागदाची पाठ पाहायला विसरू नये. पत्र पोचल्याची तारीख, म्हणजे ‘पैवस्ती’, अनेकदा पाठीवर नोंदलेली असते. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख यांतले अंतर काढले की डाक किती दिवसांत आली ते कळते आणि रस्ता मोकळा होता की तुटला होता याचाही अंदाज येतो. मापांच्या बाबतीत घाई करू नये. २० मणांची खंडी हे ठरलेले, पण मणाला किती पायल्या हे गावागणिक बदलते.

समजा, एका यादीत हरभऱ्याचे मण आणि त्याचे रुपये दिले आहेत. भागाकार केला की त्या दिवसाचा छावणीतला भाव निघतो. एकट्या भावाला अर्थ नाही. पण त्याच गठ्ठ्यात तीन आठवड्यांनंतरची दुसरी यादी असेल आणि भाव तिप्पट झाला असेल, तर रसद तुटल्याची तारीख जवळजवळ हाती लागते. या दोन याद्या दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या तर दोन्हींचा उपयोग संपला. गठ्ठा फोडून कागद सुटे विकण्याची पद्धत नुकसान करते ती येथे. ऑनलाइन विक्रीत सुट्या पानाला गिऱ्हाईक लवकर मिळते, त्यामुळे हे प्रमाण वाढण्याची भीती आहे.

कायदा काय म्हणतो?

पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायदा, १९७२ हा येथे लागू होतो. सर्वसाधारण पुरावस्तूला १०० वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक, वैज्ञानिक, साहित्यिक किंवा सौंदर्यमूल्य असलेले हस्तलिखित, नोंद किंवा दस्तऐवज असेल तर ७५ वर्षे पुरतात. असा कागद घरी ठेवणे गुन्हा नाही. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा मात्र परवान्याशिवाय करता येत नाही. ती परदेशी पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेलाच आहे. या नियमाचा भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. परदेशातल्या खरेदीदाराला कुरिअरने पाठवलेले एक पानही यात येऊ शकते, हे अनेक हौशी विक्रेत्यांच्या गावी नसते.

नोंदणीची सक्ती हस्तलिखितांपैकी चित्रे किंवा सजावट असलेल्यांनाच आहे, साध्या मजकुराच्या कागदाला नाही. कागदाच्या पाठीवर सरकारी दफ्तराचा शिक्का किंवा रुमाल क्रमांक दिसला तर तो विकत घेऊ नये. तो कधीतरी दफ्तरखान्यातून बाहेर पडलेला असण्याची शक्यता असते.

घरात गठ्ठा सापडल्यास काय करावे?

सगळ्यात आधी काही करू नये. उन्हात वाळत घालू नये, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेशन उष्णतेने चिकटते आणि पुढे काढता येत नाही. गठ्ठा कसा बांधला होता, कोणत्या कागदावर कोणता होता, याचे फोटो गाठ सोडण्यापूर्वी काढावेत. मग प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात, बाजूला पट्टी ठेवून. मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. कागदाला मागून क्रमांक द्यायचा तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. घडी जबरदस्तीने उलगडू नये. कसर लागली असेल तर गठ्ठा वेगळा ठेवून जाणकाराला दाखवावा.

वाचण्यासाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. दहा-पंधरा दिवसांत अक्षरओळख होते, घसट्या हिशेबी मोडीवर नजर बसायला मात्र वर्षे जातात. मूळ कागद द्यायचे नसतील तर छायाप्रती देता येतात आणि अभ्यासकाला बहुतेक वेळा तेवढे पुरते. विकायचेच असेल तर गठ्ठा एकगठ्ठा विकावा आणि तो कोणत्या गावच्या कोणत्या घराण्यातून आला ते लिहून द्यावे. ठिकाण नसलेल्या यादीतला हरभरा कोणाच्या घोड्यांनी खाल्ला ते कधीच कळत नाही.

७५ वर्षांची ती अट आता दुसऱ्या महायुद्धाच्याही पुढे सरकली आहे. मुंबईत शिधावाटप सुरू झाले १९४३ मध्ये. त्या काळातले हाताने नाव-वजन भरलेले शिधापत्र, रॉकेलच्या चिठ्ठ्या, दुकानदाराची साखरेची वही, सैन्याला गवत पुरवणाऱ्या ठेकेदाराची बिले हे कागद वयाने पुरावस्तूच्या रेषेपलीकडे गेले आहेत. ते वाचायला मोडी लागतेच असे नाही, आणि ते अजून आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.